उसन्या पत्र्यांचं घर

आमच्या आंधळगावच्या घरमालकांकडे एक सायकल होती, आणि त्या सायकलीवर बसलेले ते गावात कोणालाच आठवत नाहीत. रोज सकाळी ते तिला हाताशी धरून बाहेर काढायचे, वयस्कर बहिणीला दवाखान्यात न्यावं तसं सावकाश गावभर न्यायचे, चार ठिकाणी थांबायचे आणि उन्हं तापायच्या आत परत आणून भिंतीला टेकवायचे. हँडलला एक कापडी पिशवी. मी एकदा विचारलं, काकाजी, तुम्ही बसत का नाही?

"डॉक्टरनं चालाले सांगतलं. बसाले नाही सांगतलं."

मग सायकल कशाला नेता, म्हटलं. तर म्हणाले, एकटा माणूस हात हलवत फिरला की लोक विचारतात कुठं चालला. सायकल सोबत असली की समजतात, काहीतरी काम असन.

त्या पिशवीत काय असतं हे मात्र विचारायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तर पुढे माझ्या चहाचे हाल झाले नसते.

काकाजी विणकराच्या घरातले. पुढच्या खोलीत हातमाग होता, तो अजून मधूनच एखाद्या दुपारी खटखटायचा, नाहीतर एरवी त्याच्यावर टॉवेल वाळत असायचे. माग थकला तरी बोटं थकली नव्हती. समोरच्याशी बोलता बोलता ते त्याच्या बाहीचं टोक चिमटीत धरायचे, दोनदा चोळायचे आणि सोडून द्यायचे. सरपंच असो, पोस्टमन असो, कापड आधी. माझा नवाकोरा भारीतला शर्ट त्यांनी पहिल्याच भेटीत चोळला आणि म्हणाले, "पहिल्या धुण्याले बोटभर आखूड होईन." मला राग आला. पुढच्या आठवड्यात तो शर्ट पँटीत खोचून राहीना.

आता मी तिथे कसा पोचलो ते सांगतो. मी सांगलीकडचा. बँकेत कर्ज विभागात होतो आणि बदलीनं आंधळगावच्या शाखेत आलो. कोणाला कर्ज द्यावं, कोणाला देऊ नये, हे ठरवणं माझं काम. म्हणजे ठरवायचा संगणक, मी फक्त चेहरा गंभीर करायचो. राहायला मोहाडीत लॉजवर, जेवायला मेसचा डबा. बायको शिक्षिका, तिकडेच सांगलीजवळ. आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि संसार सगळा फोनवर चालला होता. भांडणंसुद्धा रेंज बघून करावी लागायची. त्यात तिची बदली मंजूर झाली, आंधळगावाजवळच्याच शाळेत, दिवाळीनंतर हजर व्हायचं. तिनं फोनवर विचारलं, घराचं काय?

मी म्हणालो, ठरलंय.

ठरलं काहीच नव्हतं. पण दोन वर्षांनी बायको राहायला येतेय आणि नवरा म्हणतो 'बघतोय', हे मला बरं दिसेना. तिनं पुढे विचारलं, दार कुठल्या दिशेला आहे? मी म्हणालो, दोन्हीकडे.

दुसऱ्या दिवसापासून मी घर शोधायला लागलो. गाव मोठं, पण भाड्याची घरं मोजकी, आणि होती ती भरलेली. कोणीतरी काकाजींचं मागचं घर सांगितलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, मागे विहीर. रिकामं आहे, पण म्हातारा कोणाला देत नाही. एका यंत्रवाल्या विक्रेत्याला परत पाठवलं, एका कंपाउंडरला परत पाठवलं. मी हसलो. त्या बिचाऱ्यांकडे काय होतं? माझ्याकडे कागद होता.

कर्जाच्या बाबतीत माणूस किती विश्वासाचा आहे, याचे गुण देणारा अहवाल निघतो. माझा मी रंगीत छापून, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेला. काकाजी ओट्यावर बसले होते. आधी बाही चोळून झाली, मग फोल्डर हातात घेतलं. त्यांनी त्याचंही प्लास्टिक चोळलं.

मी म्हणालो, काका, हे माझे गुण. आठशेच्या पुढे आहेत.

"कितीपैकी?"

"नऊशेपैकी."

"बाकीचे कुठं गेले?"

आजवर लोकांना मी हे कागद दाखवत आलो, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी फोल्डर बाजूला ठेवलं आणि विचारलं, तुमच्या घरातलं मीठ संपलं तर तुम्ही कोणाकडे जाता?

परीक्षेत येणारा प्रश्न आला की होतो तसा आनंद मला झाला. मी छाती काढून सांगितलं की, मीठ मी संपूच देत नाही. अर्धा पुडा राहिला की दुसरा आणून ठेवतो.

"म्हणजे कोणाकडंच नाही जात."

"गरजच पडत नाही."

त्यांनी मान हलवली, आणि मला वाटलं घर मिळालं. तर ते म्हणाले, साहेब, तुमचा आमच्याकडं काहीच हिसाब नाही. पयले कुठून तरी छोटंसं उसनं घ्या, ते फेडा, मंग या.

हे वाक्य मी कुठंतरी ऐकलेलं होतं. शब्द थोडे वेगळे होते, पण चाल ओळखीची होती. मी त्यांच्याकडे बघत राहिलो आणि हळूहळू उजेड पडला. ते वाक्य माझंच होतं. चार-सहा महिन्यांपूर्वी एक म्हातारबाबा सायकल बाहेर टेकवून बँकेत आले होते, मागच्या घरावर छप्पर घालायला थोडं कर्ज हवं म्हणून. संगणक म्हणाला, यांनी जन्मात कुठून कर्जच घेतलेलं नाही, त्यामुळे यांच्याबद्दल मला काही माहीत नाही. मी गोड हसून त्यांना सांगितलं होतं, काका, आधी कुठूनतरी छोटंसं कर्ज घ्या, फेडा, मग या.

माझा चेहरा बघून ते म्हणाले, "वाईट नोको वाटून घेऊ साहेब. तुमचं बोलणं मले पटलं होतं. म्हणून तं मी बी तेच ठेवलं."

सूड वगैरे काही नव्हता, हे मला पुढे त्यांच्यासोबत राहून कळलं. त्यांना खरंच पटलं होतं. बँकेतून निघाले ते सरळ गावात गेले आणि एकेका ओळखीच्या माणसाकडे एकेक टिनपत्रा उसना मागितला. गिरणीवाल्याचा हिरवा, धानाच्या व्यापाऱ्याचा लाल, भजनी मंडळाचा गंजका, पानठेल्यावाल्याचा जाहिरात रंगवलेला. मागच्या घराचं अख्खं छप्पर असं गावानं उसनं दिलेलं होतं. मी मान वर करून बघितलं तर एक पत्रा दुसऱ्याच्या रंगाचा नव्हता. ते म्हणाले, पाहा, घेतलं न छोटंसं उसनं?

काकू आतून आल्या आणि त्यांनी मला एक स्टीलचा डबा दिला. आत गरम सांबारवडी. आमच्याकडे जिला कोथिंबीर म्हणतात तिला तिकडे सांबार म्हणतात, त्याची ही वडी, आणि ती थंडीत काकूंच्या हातची खाल्ली की माणसाला बदली नकोशी वाटते. मी ओळखलं, हेच ते छोटंसं उसनं. कर्ज मिळालं. आता फेड दाखवायची.

इथे मी माझ्या आयुष्यातली सर्वांत तत्पर चूक केली. लॉजवर जाऊन वड्या खाल्ल्या, डबा साबणानं घासला, पुसला, आणि त्याच संध्याकाळी परत नेऊन दिला. चकचकीत. रिकामा.

माझी आई शेजारणीला वाटीसुद्धा कधी रिकामी देत नव्हती. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण वाटी रिकामी जाऊ द्यायची नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मेसचा डबा खाऊन खाऊन माझी सवय बिघडली होती. मेसवाला डबा धुतलेला आणि रिकामा मागायचा, नाहीतर बोलणी.

काकाजींनी झाकण उघडलं. आत बघितलं. बोट फिरवून बघितलं.

"साहेब, तुम्ही तं खातं बंद करून टाकलं."

मी म्हणालो, वेळेच्या आधी फेडलं की.

"तेच म्हणतो. ज्याले लवकर मिटवाचं असते त्याले राहाचं नसते."

मी तिथून निघालो तो स्वतःला शिव्या देत. पण बँकवाला माणूस हार कशी मानणार? हप्ता चुकला तर दंडासह भरावा, हे मला पाठ. दुसऱ्या दिवशी तुमसरला गेलो, चांगल्या दुकानातून अर्धा किलो काजूकतली घेतली आणि डबा नाही तर खोका घेऊन ओट्यावर हजर झालो. काकाजींनी खोका उघडला. एक क्षण त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी तेव्हा राग समजलो. मागे दारात काकू उभ्या होत्या. काकाजींनी खोका बंद केला, माझ्या हातात ठेवला आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, चार वड्यांचं एवढं व्याज? मी सावकार हाओ का?

लॉजवर परत येऊन ती काजूकतली मी एकट्यानं खाल्ली, रडत नाही पण त्याच्या जवळपास.

रविवारी बायको आली.

भंडाऱ्याच्या बसस्थानकावर तिला घ्यायला गेलो. एक ट्रंक, दोन पिशव्या, शेगडी, आणि तिच्या मांडीवर लोणच्याची बरणी. बसमध्येच सांगून टाकायचं ठरवलं होतं. प्रत्येक वेळी तोंड उघडलं की कंडक्टर तरी यायचा किंवा ती म्हणायची, दोन्हीकडे दार म्हणजे वारा छान येत असेल. आंधळगाव आलं तरी माझं बोलून झालं नव्हतं. मग मी दुसरा बेत केला. हिला सामानासकट काकाजींच्या ओट्यावर उभी करायची. ट्रंकेवर बसलेली बाई बघून तरी म्हातारा विरघळेल, आणि बाजूला नेऊन मी पाय धरीन.

काकाजी ओट्यावर होते. मी काही बोलायच्या आत बायको पुढे झाली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, यांनी फोनवर सांगितलं तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं. तुम्ही घर दिलंत, फार बरं केलंत."

ओट्यावर एक कोंबडी होती. तीसुद्धा थांबली असं मला आठवतं.

काकाजींनी माझ्याकडे बघितलं. मग हात पुढे करून माझ्या बाहीचं टोक चिमटीत धरलं. एरवी दोनदा चोळून सोडायचे. त्या दिवशी धरूनच ठेवलं. मी मनातल्या मनात परतीच्या बसची वेळ आठवत होतो, आणि त्या बसनं बायको एकटीच सांगलीला परत जाणार, हेही मला दिसत होतं.

"हो जी बाई," ते म्हणाले. "दिलं तं. फक्त चाबी कुठं ठेवली ते पाहा लागते. या साहेब, मांगं पाहू."

चावी त्यांच्या डोक्यामागे खिळ्याला लटकत होती. ती मला दिसत होती, बायकोलाही दिसत असावी. आम्ही दोघं मागच्या घराच्या पाठी, विहिरीजवळ गेलो.

"मी कवा दिलं होतं घर?"

"नव्हतं दिलं."

"मंग झूट कोणाचं होतं?"

"माझं."

"आता कोणाचं झालं?"

मी विहिरीत बघत राहिलो, खाली पाणी छान होतं.

ते म्हणाले, "मी जन्मात काकू सोडून कोणापाशी झूट नाही बोललो. आज तुमच्यापायी बोललो. डब्याचा हिसाब तुम्हाले जमला नाही. हे उसनं देऊन पाहतो. जमते का?"

मी विचारलं, आणि हे फेडायचं कसं?

"मी मागीन तवा. तुमच्या सोयीनं नाही, माह्या सोयीनं."

बँकेच्या भाषेत याला मागणी कर्ज म्हणतात. सगळ्यांत धोक्याचं. मी दुसऱ्या कोणाला घेऊ दिलं नसतं. मी हो म्हणालो.

संध्याकाळी बायको मीठ मागायला काकूंकडे गेली. ट्रंकेत तिनं चार मसाले आणले होते, मीठ विसरली होती. ओट्यावरून काकाजींचा आवाज आला, "उघडलं खातं."

माझं ते फोल्डर त्यांनी परत दिलं नव्हतं. आत भांड्यांच्या फळीवर बायकोनं लोणच्याची बरणी ठेवली तेव्हा मला दिसलं, फळीवर अंथरायला माझे गुण उपयोगी पडले होते. तेल गळून गळून पुढे त्यातले आठशे गेले, नऊशे तेवढे राहिले.

त्या घरात आम्ही तीन वर्षं काढली आणि मला आजही वाटतं की, तेवढं चांगलं छप्पर पुन्हा डोक्यावर आलं नाही. पानठेल्यावाल्याचा पत्रा उलटा बसवला होता. पलंगावर पडलं की वर अर्धा हसरा चेहरा दिसायचा आणि 'खा आणि' एवढेच शब्द. पुढचे शब्द धानवाल्याच्या पत्र्याखाली गेले होते. आम्ही रोज नवे लावायचो. पाऊस आला की हिरवा पत्रा ढोलकीसारखा वाजायचा आणि भजनी मंडळाचा खोकायचा.

एकदा गिरणीवाला आला. संकोचून उभा राहिला, घरच्यांची चौकशी केली, पाणी प्यायला, आणि मग म्हणाला, साहेब, तुमच्या डोक्यावरचा तो हिरवा माहा हाय, गोठ्याले पाहिजे होता. काकाजींनी स्वतः शिडी लावून पत्रा काढून दिला. न्हाणीतून निळं आभाळ दिसायला लागलं. मला वाटलं आता मालक नवा पत्रा विकत आणतील. त्यांनी सायकल काढली, तिला घेऊन गावात चालत गेले आणि दुपारी तिच्यावर आडवा पत्रा तोलत परत आले. शाळेच्या शिपायाचा, थोडा आखूड. चार पैसे टाकून घेऊन टाका की, मी म्हणालो. ते म्हणाले, विकतचा पत्रा पाऊस अडवते न जी. पण तो गळला तं पाहाले कोण येते? उसना गळला तं ज्याचा असते तो धावत येते.

आणि खरंच यायचे. पावसाळ्याच्या तोंडाला एकेक जण आपापला पत्रा बघायला यायचा, चहा पिऊन जायचा.

आता ते कर्ज. दुसऱ्या वर्षीची गोष्ट. सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो तर अंगणात सभा भरली होती. काकूंच्या एका हातात सायकलची पिशवी, दुसऱ्या हातात मिठाईचा खोका. बाजूला माझी बायको, गंभीर. सायकल भिंतीला टेकलेली, आणि काकाजी सायकलीला.

"हे काय हाय?" काकू मला विचारत होत्या.

मला काजूकतली दिसत होती. अर्धी संपलेली.

काकाजींना साखरेचा आजार होता. डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं ते त्यासाठीच. गोड बंद होतं, कडक बंद, आणि काकूंचा पहारा पोलिसांसारखा. म्हणून रोजची ती फेरी, म्हणून ती पिशवी. आणि म्हणून, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं, त्या पहिल्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत जे आलं होतं तो राग नव्हता. मी आणलेला अख्खा खोका त्यांनी काकू मागे उभ्या आहेत म्हणून परत केला होता. 'मी सावकार हाओ का', हे सगळं तत्त्वज्ञान दारात काकू होत्या म्हणून.

काकाजी आकाशाकडे बघत म्हणाले, "मी सांगून राहिलो न, साहेबाचा हाय तो खोका. विचार त्यायले." आणि मग माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. जवळ येऊन माझी बाही धरायची त्यांना गरज नव्हती.

मी म्हणालो, "हो काकू. माझाच आहे. लपवून खातो."

कर्ज फिटलं. पण काकूंनी खोका माझ्या हातात द्यायच्या ऐवजी माझ्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि मग बायकोकडे वळून म्हणाल्या, "पोरी, ह्याईचीबी सुरुवात अशीच झाली होती. लपवून खात."

त्याच आठवड्यात मला मोहाडीला नेऊन रक्त तपासलं. साखर ठणठणीत, म्हणजे नॉर्मल. काकू म्हणाल्या, आता नॉर्मल हाय तं आतापासूनच सांभाळा लागते. बायकोला ते पटलं. माझ्या चहातली साखर गेली. अख्खा हिवाळा मी ओट्यावर बसून काढा प्यावा तसा चहा प्यायलो, आणि शेजारी काकाजी त्यांचा तसलाच चहा पीत हळूच म्हणायचे, "व्याज हाय साहेब. चालाचंच."

त्यांची ती काजूकतली खाण्याची पद्धत मी नंतर पाहिली. विणकर माणूस. सुरी वापरायचे नाहीत. खिशातून कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, एक धागा काढायचे, एका वडीभोवती फिरवायचे आणि ओढायचे. चार सारखे तुकडे. एक खायचे, तीन परत. एका वडीला चार दिवस. डॉक्टरला एवढा संयम कळला असता तर त्यानं स्वतः खोका आणून दिला असता.

माझी नागपूरला बदली झाली, पाठोपाठ बायकोचीही झाली. सामान बांधून झालं तेव्हा मी तुमसरहून एक निळा पत्रा आणला आणि न्हाणीवरच्या फटीत बसवून दिला. काकाजी शिडीखाली उभे होते.

"दान हाय का उसना?"

"उसना," मी म्हणालो. एवढं तरी मी तीन वर्षांत शिकलो होतो.

काकूंनी डबा दिला, तोच, सांबारवडीचा. ट्रकमध्ये बसल्यावर बायको म्हणाली, तुला अजून वाटतं का, मला माहीत नव्हतं? घर दोन्हीकडे उघडतं म्हणालास तेव्हाच कळलं होतं घर नाही. म्हणून तर उतरल्या उतरल्या त्यांचे आभार मानले. आभार मानल्यावर नाही कोण म्हणतं?

म्हणजे त्या दिवशी ओट्यावर खोटं न बोलणारी कोंबडी तेवढी होती.

नागपूरला घर बघितलं ते चौथ्या मजल्यावरचं. मालक निवृत्त अधिकारी. त्यांनी माझा अहवाल मागितला, मी दिला. नऊशेपैकी बाकीचे कुठं गेले, असं काही त्यांनी विचारलं नाही. बरं वाटायला हवं होतं. मग ते म्हणाले, आधीच्या मालकांचा नंबर द्या, आणि माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला. बायको माझ्या शेजारी बसली होती. तिला ते घर आवडलं होतं, शाळा हाकेच्या अंतरावर होती, आणि ट्रकचं सामान नातेवाइकांच्या हॉलमध्ये पडून त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं होतं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, तुमच्याकडचं यांचं काही देणंघेणं बाकी आहे का?

"हाय न जी," काकाजींचा आवाज आला, आनंदानं. "त्यायचा एक पत्रा माह्या छपरावर हाय. माहा एक डबा त्यायच्याकडं हाय. मिटवाचा काही विचार नाही."

अधिकाऱ्यांनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, हे प्रकरण काय आहे ते मला नको, पण आधी सगळं मिटवा आणि तसं त्यांच्याकडून ऐकवा. जुनी बाकी असलेला भाडेकरू मी ठेवत नाही.

मी गॅलरीत जाऊन काकाजींना माझ्या फोनवरून फोन केला. म्हटलं, काकाजी, एकदा मिटलं म्हणून सांगा. घर जाईल हातचं.

मागे माग खटखटत नव्हता, कोंबडी तेवढी ऐकू येत होती.

"मिटवलं तं मंग याल कायले?"

बँकेत इतकी वर्षं लोकांना बाकी मिटवायला सांगत आलो, कोणी असं विचारलं नव्हतं.

"मिटवू नका," मी म्हणालो. "नुसतं सांगा."

ते हसले. मला फोनवरही दिसलं. "म्हणजे झूट पाहिजे."

"उसनं."

"ठीक हाय. लावाले सांगा त्यायले फोन."

मी आत आलो. अधिकाऱ्यांनी पुन्हा फोन लावला. काकाजींनी असा आवाज काढला की, तो कोर्टातही चालला असता. सगळं मिटलं जी, डबा आला, पत्रा गेला, माणूस एक नंबर. घर मिळालं.

आणि त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागणी कर्ज, मागितल्याबरोबर. म्हणाले, रविवारी या. डबा आणजा, रिकामा नोको. वरतून काहीही घाला, चिवडा घाला. खाली ते पाव किलो. अन् काकूनं पाहिलं तं तुमचं हाय.

काकूंनी पाहिलं. काकूंना चिवड्याखालचं दिसतं, त्यासाठी त्यांना चष्मा लागत नाही. मी म्हणालो, माझं आहे. काकूंनी कपाळाला हात लावला आणि बायकोला आत बोलावून घेतलं. आम्ही दोघं ओट्यावर बसलो. निळा पत्रा जाग्यावर होता. काकाजींनी माझ्या बाहीचं टोक धरलं, दोनदा चोळलं, सोडून दिलं, आणि खिशातून धागा काढला.

डबा भरून परत आलाय, या वेळी काकूंच्या बेसनाच्या पातोड्यांनी. पुढच्या महिन्यात तो घेऊन जायचा आहे. तोवर माझा चहा पुन्हा बिनसाखरेचा आहे.